कुत्रा न्हाला, घर तसंच राहिलं

श्रावण लागला की या सदराच्या टपालात पिसवा शिरतात. यंदाही तेच झालं. पत्रं बहुतेक इंदूरची आहेत आणि तक्रार एकच: औषध केलं, चार दिवस बरे गेले, पुन्हा होत्या तितक्याच. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण निम्मी चूक तिथेच होते.

पिसू, गोचीड आणि ढेकूण हे तीन वेगळे जीव आहेत. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपलेली असते. चिमटीत धरली तरी निसटते आणि उडी मारते. गोचीड उडी मारत नाही. ती कानात किंवा बोटांच्या बेचक्यात रुतून बसते आणि रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते. ढेकूण वरून चपटा असतो, गादीच्या शिवणीत राहतो, उडी मारत नाही. इंदुरात दुकानातला व्यवहार हिंदीत होतो. तिथे ‘कीड़े की दवा’ मागितली तर समोरचा हाताला येईल ती बाटली देतो, आणि ती बहुतेक किलनीची, म्हणजे गोचिडीची असते. पिसवांसाठी ‘पिस्सू’ हा शब्द वापरा आणि बाटलीवर कुठलं रसायन आहे ते वाचूनच पैसे द्या.

प्रश्न: आमच्याकडे चार वर्षांचा देशी कुत्रा आणि एक मांजर आहे. राखीच्या सुमारास पिसवा झाल्या. कुत्र्याला दर रविवारी औषधी शाम्पूने आंघोळ घालतो, शिवाय दुकानातून आणलेलं अमित्राझचं औषध पाण्यात मिसळून अंगावर ओततो. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी पुन्हा खाजवाखाजव. मांजर कधी खाजवत नाही, म्हणून तिला काही लावलं नाही. काय चुकतंय? (सुदामानगर, इंदूर)

तीन गोष्टी चुकल्या आहेत.

पहिली चूक बाटलीची. अमित्राझ हे गोचिडीचं आणि खरजेच्या किड्याचं औषध आहे. पिसवांवर ते फारसं चालत नाही. मांजर असलेल्या घरात तर ते नकोच, कारण मांजराला ते बाधतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्या माणसाने ते हाताळूही नये.

दुसरी चूक मांजराची. मांजर खाजवत नाही, कारण ते दिवसभर अंग चाटतं आणि पिसवा गिळून टाकतं. खरं तर आपल्या घरांत कुत्र्याच्या अंगावर सापडणारी पिसूही पुष्कळदा मांजराचीच जात असते, आणि ती दोघांवर सारख्याच आनंदाने राहते. खात्री करायची असेल तर लिखा काढायची बारीक फणी घ्या. मांजराच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर ती कातडीला टेकवून चार-पाच वेळा फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकून मिनिटभर थांबा. कणांभोवती गंजासारखा तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे तुमच्या मांजराचं पचलेलं रक्त. डाग नाही पडला तर ती साधी धूळ.

तिसरी चूक सर्वांत मोठी आहे: घर राहून गेलं. कुत्र्यावर दिसते ती पिसू म्हणजे ढोबळ हिशेबाने शंभरातल्या पाच. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात घरात असतात. पोटात रक्त गेल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, आणि दिवसाला चाळीस-पन्नास घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा उठून अंग झाडतो तेव्हा ती मिठासारखी खाली गळतात, सोबत मिऱ्याच्या पुडीसारखी काळी विष्ठाही गळते. कुत्रा झोपतो तिथे सतरंजीवर ही मीठ-मिरी नीट बघितलं तर दिसते. दोन ते दहा दिवसांत अंड्यातून पांढुरकी, केसासारखी बारीक अळी निघते. ती रक्त पीत नाही, ती काळी विष्ठाच खाते. तिला उजेड नको असतो, म्हणून ती गालिच्याच्या बुडाशी, फरशीच्या फटीत, दिवाणाखाली, सोफ्याच्या बैठकीच्या सांध्यात शिरते. मग स्वतःभोवती चिकट रेशमी कोश विणते आणि त्याला धूळ चिकटवून घेते, म्हणून तो दिसतच नाही. या कोशावर घरगुती फवारणी जवळजवळ काहीच करू शकत नाही. आत तयार झालेली पिसू पावलांचा दाब, थरथर, उष्णता आणि श्वासाचा सुगावा लागेपर्यंत पडून राहते. कधी आठवडा, कधी चार-पाच महिने.

तुमच्या रविवारच्या शाम्पूने अंगावरच्या पाच मरतात आणि तो धुतला की त्याचा असर संपतो. सोमवारपासून दिवाणाखालून पुढची तुकडी चढते. म्हणजे ज्या परत आल्यासारख्या वाटतात त्या मुळात गेल्याच नव्हत्या.

आता करायचं काय. सगळं एकाच दिवशी सुरू करा. कुत्रा आज आणि मांजर पुढच्या आठवड्यात असं केलंत तर मधल्या आठवड्यात मांजर घराला नवी अंडी पुरवतं.

प्राण्यांसाठी पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे औषध घ्या. ते दोन प्रकारचं मिळतं. पहिला प्रकार मानेवर टाकायच्या थेंबांचा, फिप्रोनिल आणि त्यासोबत मेथोप्रिन. फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं, मेथोप्रिन अंडी उबू देत नाही. या जोडीच्या नेहमीच्या नळ्या कुत्र्यांसाठी दहा किलोपर्यंत ०.६७ मिली, दहा ते वीस किलोला १.३४ मिली आणि वीस ते चाळीस किलोला २.६८ मिली अशा येतात. मांजराची नळी वेगळी, ०.५ मिलीची. थेंब दोन खांद्यांच्या मध्ये, मांजराच्या बाबतीत डोक्याच्या थोडं खाली जिथे जीभ पोचत नाही तिथे टाकायचे. इथे लोक हमखास चुकतात: केसांवर टाकतात. केस दोन्ही बाजूंना सारून कातडीची पांढरी रेघ दिसू द्या, नळीचं तोंड तिला टेकवा आणि मग दाबा. औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. म्हणूनच टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस आंघोळ नाही. रविवारी शाम्पू करून सोमवारी थेंब टाकले तर पसरायला तेलच शिल्लक नसतं.

दुसरा प्रकार कुत्र्यांच्या चावायच्या गोळ्यांचा. अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवड्यांना एक. या गोळ्यांना आंघोळीची अडचण नाही आणि काही तासांत पिसवा मरू लागतात, म्हणजे अंडी घालायला वेळच मिळत नाही. आठवड्याला आंघोळ घालण्याची सवय असलेल्या तुमच्या घराला आमच्या मते गोळीच सोयीची. मात्र कुत्र्याला कधी आकडी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून छोट्याला देऊ नका. दोन तुकड्यांत औषध सारखं वाटलं जाईलच असं नाही. आणि कुत्र्याची गोळी मांजराला द्यायची नाही.

घरासाठी पहिला दिवस दमवणारा असतो. कुत्रा-मांजर जिथे जिथे बसतात ती अंथरुणं, गोधड्या, सोफ्याचे खोळ चारही कोपरे आत दुमडून उचला. झटकू नका, नाहीतर अंडी खोलीभर सांडतील. साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. मशीनमध्ये ती सोय नसेल तर बादलीत कढत पाणी ओतून वीस मिनिटं भिजत ठेवा. दर आठवड्याला हेच करा. कुत्र्याचं जुनं गोणपाट असेल तर ते धुऊ नका, टाकून द्या.

मग दिवाळीलाच बाहेर निघणारा व्हॅक्यूम क्लीनर काढा. दोन आठवडे रोज, निमुळतं तोंड लावून. दिवाणाखाली, सोफ्याच्या बैठकीच्या सांध्यात, दाराच्या उंबऱ्याशी, भिंत आणि फरशीच्या कडेने. खोलीच्या मधोमध उघड्या फरशीवर वेळ घालवू नका, तिथे अळी राहत नाही. व्हॅक्यूमचा दुसरा फायदा लोक विसरतात: त्याच्या थरथरीने कोश फुटतात आणि कोशात सुरक्षित असलेली पिसू बाहेर येते, म्हणजे औषधाच्या तोंडी येते. पिशवीतला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून त्याच सकाळी कचरागाडीत द्या. व्हॅक्यूम नसेल तर कोरड्या झाडूऐवजी साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं वापरा आणि फटी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून घ्या. झाडूने अंडी नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात.

अंगणात उन्हाचा भाग सोडून द्या, तिथे अळी वाळून मरते. जिन्याखालची दमट माती, कुंड्यांच्या मागची सावली, कुत्रा उकरून बसतो तो खड्डा, तिथला पालापाचोळा काढा. गाडीत कुत्रा बसत असेल तर मागच्या सीटलाही हेच लागू.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काय होईल ते आत्ताच सांगून ठेवतो. कुत्र्यावर पुन्हा पिसवा दिसतील. कोशातून बाहेर आलेल्या नव्या पिसवा असतील त्या. औषधाच्या अंगावर चढतील आणि मरतील. याच दिवसांत लोक औषध बनावट ठरवतात, दुसरी बाटली आणतात आणि दहा दिवसांत दोन विषं अंगावर चढवतात. तसं करू नका. पुढचा डोस ठरल्या तारखेलाच, आणि दोन्ही प्राण्यांना सलग तीन महिने तरी. घरातला शेवटचा कोश संपायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न: आमच्या लॅब्रॅडॉरसाठी आणलेल्या पिसवांच्या थेंबांपैकी थोडे उरलेत. मांजर तीनच किलोचं आहे, दोन थेंब टाकले तर चालतील का? (तिलकनगर, इंदूर)

नाही. अर्धा थेंबही नाही.

कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन फार तीव्र प्रमाणात असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडू शकतं, मांजराचं नाही. काही तासांत कान फडफडणं, लाळ, अंगाला कंप आणि मग झटके येतात, आणि मांजर दगावू शकतं. नळी उघडण्याआधी डब्यावर पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असं काही आहे का ते बघा. शेवटी ‘थ्रिन’ आलं की मांजराला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कुत्र्याला असे थेंब टाकले असतील तर ते पूर्ण वाळेपर्यंत, निदान तीन दिवस, मांजर त्याच्याशी अंग घासणार नाही असं बघा. दोघं एका गोधडीवर झोपत असतील तर कुत्र्यासाठी या जातीचं औषध निवडूच नये.

चुकून टाकलंच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घेऊन ती जागा धुवा, मांजर टॉवेलात गुंडाळून उबदार ठेवा आणि नळीच्या रिकाम्या डब्यासकट दवाखाना गाठा. गरम पाणी नको, त्याने औषध लवकर शोषलं जातं. दूध-तूप पाजणं, उलटी करवणं हे काही करू नका.

प्रश्न: अडीच महिने मुलाकडे होतो. परत आल्यावर कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि पाच मिनिटांत दोन्ही पाय घोट्यापर्यंत काळे झाले. आमच्याकडे एकही प्राणी नाही. हे आलं कुठून? (रामबाग, इंदूर)

पत्रात तुम्ही पुढे माळ्यावर मांजर व्यायल्याचं लिहिलंय, तेच कारण. मांजर पिलांना घेऊन निघून गेलं, कोश राहिले. अडीच महिने घरात पाऊल वाजलं नाही, म्हणून आत तयार झालेल्या पिसवा थांबून राहिल्या. तुम्ही चाललात, फळ्या हलल्या, आणि सगळ्या एका वेळी बाहेर आल्या. पिसू उभी उडी साधारण अठरा सेंटिमीटर मारते, म्हणून हल्ला घोट्यावरच असतो. माणसाच्या रक्तावर ही जात फार काळ तग धरत नाही, पण उपाशी आहे तोवर चावते.

तुमच्या घराला फायदा असा की प्राण्याचा प्रश्न नाही, फक्त जागा साफ करायची आहे. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवा, त्यांवर पँट खोचा आणि आधी माळा रिकामा करा. मांजर जिथे व्यायलं तिथली पोती, जुनी वर्तमानपत्रं पिशवीत बांधून बाहेर. मग माळा आणि खालच्या खोल्या व्हॅक्यूम करा, त्यानंतर फवारणी. त्यानंतर लगेच पुन्हा कुलूप लावून जाऊ नका. दोन-तीन आठवडे घरात चाला-फिरा, रोज व्हॅक्यूम फिरवा, म्हणजे उरलेले कोश फुटतील आणि बाहेर आलेल्या पिसवा फवारलेल्या जागेवरून चालतील. माळ्याच्या खिडकीला जाळी बसवा, नाहीतर पुढच्या विणीला मांजर परत येईल.

एक वेगळी शक्यता तपासून घ्या, कारण जुन्या वाड्यांत ती असते. मांजर नव्हे तर उंदीर असतील आणि घरात मेलेले उंदीर सापडले असतील, तर त्या पिसवा वेगळ्या जातीच्या असू शकतात. उंदीर थंड झाला की त्या दुसरं गरम अंग शोधतात. ‘उंदीर पडणे’ हा शब्द जुन्या माणसांना अजून घाबरवतो तो याच कारणाने. उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं आणि १९९४ साली सुरतेत तो शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. घाबरण्याचं कारण नाही, क्रम मात्र पाळायचा: आधी पिसवांची फवारणी, मग उंदरांचं औषध. उलट केलंत तर मेलेल्या उंदरांवरच्या सगळ्या पिसवा तुमच्याकडे येतील. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले तर नगर निगमच्या आरोग्य विभागाला कळवा. काखेत किंवा जांघेत गाठ येऊन ताप आला तर डॉक्टरांना पिसवांचं सांगा.

प्रश्न: पेस्ट कंट्रोलवाला येऊन जेलचे ठिपके लावून गेला आणि वर्षभराचं पॅकेज घ्या म्हणाला. पिसवा तशाच. घरात माशांची टाकीही आहे. (स्नेहलतागंज, इंदूर)

जेल झुरळांचं असतं. पिसू ते खात नाही, अळीही खात नाही. बोलावण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा: रसायन कोणतं, आणि त्यासोबत अळीची वाढ रोखणारं, पायरीप्रॉक्सिफेनसारखं काही आहे का. दुसऱ्या प्रश्नाला ‘सब मरेगा साहब’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं औषध पंधरवड्यात थकतं. वाढ रोखणारं औषध काही महिने टिकतं आणि नव्या अळीला पिसू होऊ देत नाही.

फवारणी दिवाणाखाली, सोफा उलटा करून त्याच्या पोटात, कपाटांच्या खाली आणि भिंतीच्या कडेने हवी. खोलीच्या मधोमध डबा ठेवून धूर करणारे प्रकार टाळा. धूर वर जाऊन खाली बसतो, दिवाणाखाली पोचत नाही. येण्याच्या दिवशी आधी तुम्ही व्हॅक्यूम करून ठेवा. टाकी या फवारणीला सर्वांत नाजूक. ‘थ्रिन’ जातीची औषधं माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. शक्य असेल तर टाकी दुसऱ्या घरी हलवा. नसेल तर प्लास्टिकने घट्ट झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, कारण पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. पिंजऱ्यातला पोपट, कुत्रा-मांजर आणि लहान मुलं जमीन पूर्ण वाळून खोलीत वारा खेळेपर्यंत बाहेर.

फवारणी फुकट जाते ती बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी. कामवाली बाई येते, फिनाइल टाकून पोछा मारते, आणि दीड-दोन हजारांचं औषध बादलीतून मोरीत जातं. तिला आधीच सांगा: दोन आठवडे भिंतीलगतची वीतभर कड आणि दिवाणाखालचा भाग ओला करायचा नाही, फक्त व्हॅक्यूम. मधली फरशी खुशाल पुसा. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

प्रश्न: रसायनं नको वाटतात. कापूर, कडुनिंब, मीठ, लसूण, कॅरमची पावडर, फिनाइल यांपैकी काय चालतं? (वाचक भगिनी, जुनी इंदूर)

ताई, तुमच्या यादीतलं निम्मं रसायनच आहे.

कापूर आणि डांबराच्या गोळ्या प्राण्यांना विषारी आहेत. मांजराच्या अंथरुणात ठेवणं म्हणजे पिसवांऐवजी मांजराला त्रास. लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो, तो पोटातही नको आणि अंगावरही नको. काळं फिनाइल मांजराच्या पंजांना लागतं आणि चाटण्यातून पोटात जातं. निलगिरी आणि टी-ट्री तेलाचंही तेच. मीठ कोरड्या देशात कदाचित काही करत असेल. भाद्रपदात ते पाणी धरतं आणि अळीला हवा असलेला दमटपणा तयार करून देतं. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली घालायला हरकत नाही, त्याने पिसवा संपतील अशी अपेक्षा मात्र नको. भिंतीच्या प्लगमध्ये लावायची आवाजाची यंत्रं घेऊ नका.

कॅरमची पावडर पुष्कळदा बोरिक अॅसिडच असते, आणि बोरिक अॅसिड अळीच्या पोटात गेलं तर ती मरते, हे खरं. पण मोठ्या पिसवेला त्याचं काही होत नाही. शिवाय ते जाड गालिच्याच्या मुळात घासून भरलं तर उपयोग. तुमच्या कोटा फरशीवर ते रांगणाऱ्या मुलाच्या हाताला आणि मांजराच्या जिभेला लागेल, अळीला नाही. नको.

रसायनाशिवाय खरंच काम करणाऱ्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही कंटाळवाण्या आहेत: कढत पाण्याची धुलाई, रोजचा व्हॅक्यूम आणि लिखांची फणी. फणी साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवत फिरवा. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि उडी मारून बाहेर येते, साबणाच्या पाण्यात बुडते.

प्रश्न: जिन्याखाली सापडलेली मांजराची तीन पिलं घरी आणलीत, साधारण पाच आठवड्यांची. अंगावर पिसवा रांगताहेत. थेंब टाकू का? (लोकमान्यनगर, इंदूर)

पाच आठवड्यांना थेंब नाही. बहुतेक थेंबांची मर्यादा आठ आठवडे आणि एक किलो ही आहे. आज त्यांच्या हिरड्या बघा. गुलाबी असतील तर तुमच्याकडे वेळ आहे. फिक्या, पांढरट असतील आणि पिलू मलूल असेल तर आजच दवाखाना. एवढ्या जिवाचं रक्त पिसवा पिऊन संपवू शकतात.

घरी करायचं ते असं. बेबी शाम्पू किंवा साधा सौम्य साबण, कोमट पाणी. आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं करा. हे पहिलं करायचं कारण अंग भिजलं की पिसवा डोक्याकडे पळतात आणि कानात शिरतात. फेसाचं कडं त्यांना अडवतं. मग मानेपासून शेपटीकडे फेस, दोन-तीन मिनिटं, धुणं, टॉवेल, लगेच ऊब. एका वेळी एकच पिलू. चेहऱ्यावर पाणी नको, तिथे फणी वापरा. आंघोळ एकदाच, पुढे रोज दोन वेळा फणी आणि दररोज ताजं अंथरूण. जुन्या मऊ साडीचे तुकडे यासाठी उत्तम, कढत पाण्यात टाकता येतात. आई-मांजर सापडली तर तिला औषध द्यायला हवं, पण दूध पाजणाऱ्या मादीला चालेल असं कोणतं ते डॉक्टरच सांगतील.

प्रश्न: कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं, कधी हलतं. पिसवांची अंडी का? घरात तीन वर्षांची नात आहे. (वाचक, इंदूर)

अंडी नाहीत. पट्टकृमीचे तुकडे आहेत. पिसवेच्या अळीच्या पोटात या कृमीची अंडी जातात, ती पिसू कुत्रा चाटताना गिळतो आणि कृमी आतड्यात वाढतो. जंताचं नेहमीचं औषध याला पुरत नाही. प्राझिक्वांटेल असलेलं हवं, वजनाप्रमाणे. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात कृमी पुन्हा होतो, तेव्हा दोन्ही एकदम. नातीला तो कुत्र्याला हात लावून होत नाही, पिसू तोंडात गेली तर होतो. खेळून झाल्यावर हात धुणं आणि कुत्र्याने तोंड चाटू न देणं एवढं पाळा. तिच्या शौचात तसेच कण दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उपाय सोपा आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात पिसवा मरतात म्हणतात. आमच्याकडे मेमध्येच जास्त होत्या. असं का? (विजयनगर, इंदूर)

बाहेर मरतातच. पस्तीस अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत अळी तग धरत नाही, माळव्यातला मे तिला सोसत नाही. पण तुमच्या बैठकीत मे नसतो, कूलर असतो. ओल्या खसमधून येणारा वारा खोलीला पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आणि दमट ठेवतो, म्हणजे अळीला हवं तेच. कुत्राही त्याच वाऱ्याच्या तोंडाशी अंथरुणावर पसरलेला असतो.

कूलर बंद करायला कुणी सांगणार नाही. कुत्र्याचं अंथरूण कूलरच्या समोरून हलवा, टाकी गळून फरशी ओली राहत असेल तर ती आधी दुरुस्त करा, दुपारी एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर पडेल. अंथरूण रोज अकरा ते तीन गच्चीवर, मधे एकदा उलटून. त्या उन्हात अळी टिकत नाही. गोळी किंवा थेंब मार्चमध्येच सुरू करा, कूलरची जाळी बदलता त्याच आठवड्यात, म्हणजे तारीख लक्षात राहते. आणि पिसवा खरंच संपल्या का ते बघायला रात्री अंधाऱ्या खोलीत जमिनीवर ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर छोटा दिवा लावा. दिव्याच्या उबेने हातभर अंतरातल्या पिसवा ताटलीत येतात. हा उपाय नाही, फक्त मोजमाप आहे. वेगवेगळ्या खोल्यांत सलग दोन आठवडे ताटली रिकामी राहिली तर फवारणीवाल्याची पुढची फेरी रद्द करायला हरकत नाही. कुत्र्याचा डोस मात्र चालू ठेवा, तो रोज फिरायला बाहेर जातोच.